सेमी नक्की कोण हरलं?

पत्र थोडक्यात असं (नाव, शाळा, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): वाचक मैत्रीण २७ वर्षांची, मूळ सिन्नर तालुक्यातली, आता नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. कॉलेजला चार वर्षं व्हॉलीबॉल खेळली, दोनदा विद्यापीठाच्या टीममधून इंटर-युनिव्हर्सिटीला गेली. शेवटच्या वर्षी ब्लॉकला उडी मारून खाली येताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, खेळणं संपलं. मग एका खासगी इंग्रजी शाळेत स्पोर्ट्स कोच म्हणून लागली, हे पाचवं वर्ष. पगार १४,०००, करार ११ महिन्यांचा, मे महिना बिनपगारी. कोचिंगशिवाय बस ड्युटी, गॅदरिंगचं स्टेज, ॲडमिशनच्या दिवसांत पत्रकं वाटणं हेही तिच्याकडेच. यंदा १७ वर्षांखालच्या मुली मनपा पातळीवर सेमीला हरल्या आणि प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, रिझल्ट दिसत नाहीये, पुढच्या वर्षीचं बघू. मामाने अंबडला एका कंपनीत स्टोअरमध्ये २१,००० ची नोकरी बघून ठेवलीय. आई म्हणते पोलीस भरती दे. वडील कांदा पिकवतात, ते म्हणतात एवढं खेळून काय मिळालं. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "खेळाडू म्हणून अर्धवट राहिले, कोच म्हणूनही जमलं नाही. मॅडम, सोडून देऊ का?"

अगं, तुला अगंतुगं करतेय, चालेल ना, माझ्या पहिल्या बॅचच्या मुली आता तुझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, सवयच आहे, आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, कागद दिसला की रेघा मारल्याशिवाय चैन पडत नाही. एका वाक्याखाली दोन रेघा मारल्या. तू लिहिलंयस, "यंदा मी सेमी हरले, तिसऱ्या सेटला १३-१५." मी म्हटलं थांबा, मॅच १७ वर्षांखालच्या मुलींची, मग ही २७ वर्षांची बाई तिथे कशी काय हरली?

हसू नकोस. किंवा हस, पण परत वाच. पुढच्या पानावर "मला फायनल खेळायची होती", त्याच्या खाली "त्या शाळेने मला मागच्या वर्षी पण हरवलंय". चार पानांत मुली कुठे आहेत ते मी शोधत होते. एक सेटर आहे, तिची उंची चांगली आहे एवढंच कळलं. आणि एक सर्व्हिस करणारी आहे, जिची सर्व्हिस १३-१४ ला नेटमध्ये गेली आणि मॅच तिथेच संपली, जिच्यावर तू सगळ्यांसमोर ओरडलीस आणि जी, तुझ्याच शब्दांत, "त्यानंतर प्रॅक्टिसला येत नाही". फुलस्टॉप. पुढचं वाक्य थेट पगारावर.

मला वाटतं तुझा खरा गुंता या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. पण पगारही खोटा नाहीये, त्यामुळे दोन्ही बोलू.

आधी ते "अर्धवट". तू असं धरून चाललीयस की कोच म्हणजे खेळाडूचं उरलेलं रूप, ज्यांचं वर काही झालं नाही ते शिट्टी गळ्यात घालतात. हे तुला कुणी शिकवलं माहीत नाही, पण नाशिकमध्ये राहून असं म्हणणं जरा जास्तच झालं. आपल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्सला सिल्व्हर. तिच्या कोचचं, विजेंद्र सिंग सरांचं नाव इथे धावण्याच्या नादाला लागलेल्या कुणालाही विचार, लगेच सांगतील. आता त्याच माणसांना विचार की सर स्वतः १०,००० मीटर किती मिनिटांत पळायचे. गप्प बसतील, कारण तो प्रश्न आजवर कुणाच्या डोक्यात आलेलाच नसतो.

ही दोन वेगळी कामं आहेत गं. खेळाडूला बॉल कुठे येणार हे शरीराने कळतं, आणि कोचला ते अशा मुलीला सांगावं लागतं जिच्या शरीराला ते अजून कळत नाही. तुला जे कधी कुणी शब्दांत सांगितलं नाही, आपोआप आलं, ते सोडवून, सुटं करून, सहावीतल्या पोरीला कळेल असं मांडायचं. कठीणच आहे. चांगला खेळणारा माणूस इथे हमखास अडतो, "असं कर ना, असं!" म्हणत स्वतः स्मॅश मारून दाखवतो आणि पोरी टाळ्या वाजवतात. तू पण मारून दाखवतेस असं लिहिलंयस, "मुलींना इन्स्पिरेशन म्हणून". त्या गुडघ्यावर! त्यावर येतेच पुढे.

आमच्या शाळेत एक पीटीचे सर होते. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराजवळ, कारण बाकीच्या टेबलांना "विषय" असलेले लोक बसायचे. मी स्वतः त्यांचे तास पळवलेत, सहामाही आली, पोर्शन राहिला की सरळ सांगायचं, सर आज नववी ब मला द्या, आणि ते काही न बोलता द्यायचे आणि मग दारातल्या खुर्चीवर बसून बॉलमध्ये हवा भरायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, पुन्हा थोडी सोडायचे. मला तेव्हा वाटायचं टाइमपास चाललाय. एकदा विचारलं तर म्हणाले, बाई, पाचवी-सहावीच्या हातांना कडक बॉल लागला की पोरगी दुसऱ्या दिवशी हात मागे घेते, आणि एकदा हात मागे घ्यायची सवय लागली की ती जायला वर्ष जातं. बायकांची नेट २.२४ मीटरची असते हे त्यांना पाठ होतं, पण लहान मुलींसाठी ते ती लावायचेच नाहीत. दोन कडुनिंबांना सुतळी, सुतळीला घरून आणलेल्या जुन्या ओढण्या अडकवलेल्या, उंची त्या दिवशीच्या पोरींच्या मानाने. सर्व्हिस नऊ मीटरवरून नाही, पाच मीटरवरून. जिची दहात सात जायला लागली ती एक पाऊल मागे. एकेक पाऊल मागे जात जात डिसेंबरपर्यंत शेवटच्या रेषेवर. त्या ओढण्यांवर वरचे शिक्षक हसायचे, मी पण हसले असेन.

हे सांगायचं कारण म्हणजे ती १३-१४ ची सर्व्हिस. तू लिहितेस की मुलीने "प्रेशर घेतलं". घेतलंच असणार, सोळा वर्षांची आहे. पण मला सांग, तुझ्या प्रॅक्टिसमध्ये सर्व्हिस कधी होते? माझा अंदाज, सुरुवातीला, वॉर्मअप झाला की रांगेत, पाय ताजे असताना. आणि मॅचमध्ये ती वेळ येते तिसऱ्या सेटच्या शेवटी, पाय गेलेले असताना, बॉल नेटच्या वरच्या पट्टीत अडकतो कारण पायातून जोर येतच नाही. मग ज्याचा धडा घेतलाच नव्हता त्याचीच परीक्षा झाली ना? मी मराठीची बाई, व्हॉलीबॉल मला तुझ्याइतका कळत नाही, पण न शिकवलेलं पेपरात विचारलं की वर्ग नापास होतो एवढं कळतं. करून बघ, रोज प्रॅक्टिस संपताना, सगळ्या दमलेल्या असताना, प्रत्येकीला एकच सर्व्हिस. गेली तर घरी, नाही गेली तरी घरीच, उद्या पुन्हा. शिक्षा नाही, पळायला लावायचं नाही. नुसतं वहीत लिहायचं, गेली की नाही गेली. महिनाभराची वही बघितलीस की तुला तुझ्या टीमबद्दल प्रिन्सिपलपेक्षा आणि बहुतेक स्वतःपेक्षाही जास्त माहिती झालेली असेल.

आता दुसरी गोष्ट जी तू एकत्र करून टाकलीयस. "कोचिंग सोडू का" आणि "ही नोकरी सोडू का" हे एकच आहे असं तुला वाटतंय. मला नाही वाटत. कोचिंगला तू पुरते शंभर दिवस तरी दिलेत का याबद्दल मला शंका आहे, कारण वर्षातले कितीतरी दिवस तू बसमध्ये आणि स्टेजवर थर्माकोल कापण्यात घालवलेस. नोकरीचं म्हणशील तर ती वाईट आहे, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही.

हिशोब कागदावर मांड. १४,००० गुणिले ११ म्हणजे १,५४,०००, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १२,८०० च्या आसपास. मामाची नोकरी २१,००० गुणिले १२, २,५२,०००. वर्षाला ९८,००० चा फरक. हा लहान आकडा नाही आणि "पॅशन आहे ना मग पैशाचं काय" असं म्हणणाऱ्या माणसांपासून लांब राहा, त्यांचं घरभाडं दुसरं कुणीतरी भरत असतं.

तुझे वडील मार्केटला कांदा घेऊन जातात तेव्हा लिलावात भाव फुटल्याशिवाय ट्रॉली खाली करत नाहीत. तू पाच वर्षं भाव न विचारता गाडी खाली केलीस. करार हातात आला की सही, असंच ना? यंदा सही करायच्या आधी प्रिन्सिपलना लेखी दोन परिच्छेद दे. बारा महिन्यांचा पगार हवा. पीएफ कापला जातो का ते विचार, कारण २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेत १५,००० पर्यंत पगार असलेल्याचा पीएफ कापणं बंधनकारक आहे, करारावरचा माणूस असला तरी, आणि हे तुझ्यासारख्या कित्येक कोच मुलामुलींना कुणी सांगतच नाही. स्पर्धांच्या दोन-तीन महिन्यांत बस ड्युटी नको. आणि प्रत्येक वर्षाचं अनुभवाचं पत्र, लेटरहेडवर, तारखांसकट, "स्पोर्ट्स कोच, व्हॉलीबॉल" असं लिहिलेलं, मागच्या चार वर्षांचंही आत्ताच मागून घे, भांडण झाल्यावर मागायला गेलीस तर ते कधीच मिळत नाही.

आणि बॉल. तू जाता जाता लिहिलंयस की सोळा मुलींमागे तीन बॉल आहेत. अगं ही तर सगळ्यात मोठी बातमी होती! पाच-पाच मुली एका बॉलमागे रांगेत, एकीचा हात लागतो तेव्हा चार जणी वेणी नीट करत उभ्या असतात. प्रिन्सिपलना रिझल्ट हवाय ना, तर त्यांना हेच गणित दाखव, रागाने नाही, वही उघडून. त्यांचीही बाजू आहे. पालक नववीपर्यंत मैदानाकडे फिरकत नाहीत आणि मग दहावीच्या क्रीडा गुणांची सवलत कशी मिळेल म्हणून येतात, ट्रस्टींना माहितीपत्रकात ट्रॉफीचा फोटो हवा असतो, त्या बाईंवरही कुणीतरी ओरडतच असणार. तुझ्याकडे वही असेल तर ट्रॉफी नसताना दाखवायला काहीतरी असेल, जूनमध्ये दहात चार जायच्या त्या आता सात जातात, मागच्या वर्षी नऊ मुली यायच्या त्या आता सोळा येतात. हे मान्य होईल का? कदाचित नाही. मग निदान तुला कळेल की त्यांना कोच नको होती, बस ड्युटीला माणूस हवा होता.

पोलीस भरतीबद्दल एकच विचारते, तुला पोलीस व्हायचंय का? व्हायचं असेल तर जरूर, खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी तुझ्या प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याकडून आधी करून घ्यावी लागते, आणि नुसतं "खेळले" याने भागत नाही, स्पर्धा कुठली आणि क्रमांक कितवा दोन्ही बघतात. फाईल घेऊन एकदा जाऊन ये आणि विचार, बरेच जण जाहिरात आल्यावर धावतात आणि तोवर उशीर झालेला असतो. मैदानीला मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, म्हणजे पुन्हा गुडघा. आईच्या समाधानासाठी फॉर्म भरायचा असेल तर भर, त्यावर वर्ष घालवू नकोस.

मामाच्या नोकरीला तू "मन मारून" म्हणालीस. मला ती तेवढी वाईट दिसत नाही. स्टोअरचं काम शिफ्टमध्ये आहे का ते विचार. पहिली शिफ्ट मिळणार असेल तर दुपारनंतर तू मोकळी, आणि मग संध्याकाळची बॅच हा खरा पर्याय होतो. पंधरा मुली, महिना ६०० धरले तर ९,०००, त्यातून मैदानाचं भाडं, बॉल, नेट गेलं की हातात फार उरणार नाही पहिल्या वर्षी, पण ती तुझी बॅच असेल, तिथे ओढणी बांधायची की नेट लावायची हे तू ठरवशील. मखमलाबाद-म्हसरूळकडे इतक्या सोसायट्या झाल्यात, मुलींना संध्याकाळी कुठे पाठवायचं हा तिथल्या आयांचा रोजचा प्रश्न आहे, आणि मुलींसाठी बाई कोच आहे म्हटल्यावर पालक जरा जास्त विश्वासाने पाठवतात, स्पर्धेला बाहेरगावी जायची वेळ आली की तर नक्कीच. शाळेत राहून बॅच काढणार असशील तर करारात बाहेर शिकवायला मनाई आहे का ते बघ, आणि आपल्याच शाळेच्या मुलींकडून वेगळी फी घ्यायची नाही, त्यातून फार वाईट बोलणी होतात.

पण रोटेशन लागलं, महिन्यातून दहा दिवस नाइट, तर मात्र ते कोचिंग सोडणंच आहे, संध्याकाळी बघू म्हणत बघितलं जात नाही. तेव्हा हो म्हणण्याआधी हे विचार, पगाराआधी.

माझं मत विचारशील तर मी या वर्षाचा करार संपेपर्यंत सोडणार नाही, आणि तोवर कागद जमवीन. तुझी अडचण गुणांची नाहीच, कागदाची आहे. पाच वर्षं कोच म्हणून काम करतेयस आणि कोच असल्याचा एकही कागद तुझ्याकडे नाही. पतियाळाचं एनआयएस, कोच घडवणारी १९६१ पासूनची संस्था, तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, साधारण उन्हाळ्यात. तुझा मे महिना नाहीतरी बिनपगारीच आहे ना! त्या वर्षी व्हॉलीबॉल कुठल्या केंद्रावर आहे, अटी काय, हे जाहिरातीत नीट वाच, युनिव्हर्सिटी खेळल्याचं प्रमाणपत्र इथे कामाला येतं. एक वर्षाचा डिप्लोमा त्याच्या वरचा, त्याला नोकरी सोडावी लागेल, ते नंतर.

बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, हा दुसरा रस्ता आणि तो लांबचा. दोन वर्षं, त्याआधी राज्याची सीईटी, त्यात लेखीबरोबर मैदानी चाचणी पण असते, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी गुडघा दाखवून ये. पण एक लक्षात घे, तू आत्ता "कोच" आहेस, "क्रीडा शिक्षक" नाहीयेस, आणि अनुदानित शाळेत जायचं तर बी.पी.एड. लागतंच, मग टेटची परीक्षा असो, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल असो, तो सगळा फेरा. तिथेही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, २०२३ मध्ये वाढवल्यानंतर माध्यमिकला महिना १८,००० मानधन, म्हणजे मामाच्या नोकरीपेक्षा कमीच. त्यानंतर मात्र नियमित वेतनश्रेणी, आणि तो फरक तुझ्या चाळिशीत कळतो. भरती कधी निघेल हे कुणाच्याच हातात नाही, म्हणून मी कुणालाही नुसतं त्यावर बसून राहा असं सांगत नाही. खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्समधून येऊन शाळांत करारावर लागलेली बरीच पोरं मला लिहितात, सगळ्यांचं इथेच अडतं, चोविसाव्या वर्षी डिग्री करायचा कंटाळा केला आणि तिसाव्या वर्षी फॉर्ममध्ये तीच ओळ रिकामी राहिली. तू सत्तावीसची आहेस, अजून वेळ गेलेली नाही.

स्थळांबद्दल तू लिहिलंस, की मुलगी काय करते विचारलं की आई "शाळेत आहे" म्हणते आणि पीटीचं नाव खालच्या आवाजात घेते. आईला म्हणावं, मोठ्याने सांग. ज्यांना खटकायचं त्यांना पहिल्याच चहाला खटकू दे, पोह्यांचा खर्च तरी वाचेल.

आता गुडघा. तुझ्या पत्रात तो फक्त नुकसानीच्या बाजूला आलाय. तू कशी पडलीस ते तुला सेकंदासेकंदाने आठवतं, तू लिहिलंयस पण, ब्लॉकला गेले, शेजारची अंगावर आली, एका पायावर उतरले, गुडघा आत वळला, आवाज आला. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारायला सगळे शिकवतात, उतरायला फार कमी. मुलींमध्ये या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात हे तू फिजिओकडून ऐकलंच असशील. दोन्ही पायांवर उतरणं, गुडघे वाकवून, ते आत न जाऊ देता, रोज दहा मिनिटं, नेटशिवाय, बॉलशिवाय, नुसतं खाली येणं. पोरी कंटाळतील. त्यांना तुझी पडल्याची गोष्ट सांग, तो आवाज सांग. कंटाळा जाईल. गंगापूर रोडला तुझ्यापेक्षा उंच उडणारे कोच मिळतील पण हे तुझ्याइतकं खरं कोण शिकवणार आहे मला सांग. आणि स्मॅश मारून दाखवणं आजपासून बंद, अकरावीतल्या कुणा जुन्या विद्यार्थिनीला बोलव, ती खुश होऊन येईल. गुडघा अजून सुजतो असं तू कंसात लिहिलंयस, कंसात लिहायची गोष्ट आहे का ती? हाडांच्या डॉक्टरकडे या आठवड्यात जा.

राहता राहिली ती सर्व्हिसवाली. तू तिच्याबद्दल मला काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. ओरडलीस ते तिच्यावर नव्हतंच बहुतेक, तुझी फायनल गेली त्याच्यावर होतं, ती शेवटच्या वर्षाची, तुझी स्वतःची, जी गुडघ्याने खाल्ली. तिला काय माहीत. तिला एवढंच माहीत की टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझ्यामुळे हरलो.

मेसेज नको पाठवू. घरी फोन कर, आईशी बोल, मग तिच्याशी. आणि ओरडणं सगळ्यांसमोर होतं तर सॉरीही सगळ्यांसमोरच हवं, कोपऱ्यात घेऊन नाही. लांबण लावू नकोस, रडारड तर अजिबात नको, "त्या दिवशी माझं चुकलं, दमल्यावर सर्व्हिस करायला मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं, आजपासून शिकू" एवढं बास. मुली एकमेकींकडे बघतील, कुणीतरी खुदकन हसेल, हसू दे. मग त्या दिवशीची शेवटची सर्व्हिस तिला करू दे. नेटमध्ये गेली तर दुसरा बॉल दे, तीन आहेत ना.